सर्व्हरचा पासवर्ड ग्रुपवर टाकणं बंद करू या: एसएसएच किल्लीने लॉगिन, अगदी पहिल्यापासून

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, होटगी रोडवरचं सीएचं ऑफिस असो की नव्या पेठेतलं होलसेल दुकान, आता अनेकांचं काही ना काही भाड्याच्या सर्व्हरवर असतं. ऑर्डरी, स्टॉक, बिलं, वेबसाइट. महिन्याला थोडे पैसे भरून मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधला छोटा लिनक्स सर्व्हर घेतलेला असतो, आणि त्याचा पासवर्ड कधीतरी कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला असतो. ग्रुपमध्ये मालक, त्यांचा पुतण्या, अकाउंट बघणाऱ्या ताई आणि वेबसाइट करून देणारा मुलगा. पुढे तो मुलगा पुण्याला नोकरीला लागतो. पासवर्ड मात्र तोच राहतो, कारण बदलायचा म्हटलं की सगळ्यांना नवा कळवा, सगळ्यांच्या लॅपटॉपवर नवा टाका, आणि तो कळवायचा तरी कुठे, तर त्याच ग्रुपवर.

यावरचा उपाय जुना आहे, फुकट आहे आणि एका दुपारी बसवता येतो: एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये सुरक्षितपणे शिरायची सोय, तिच्यात पासवर्डऐवजी किल्ल्यांच्या जोडीने लॉगिन. पासवर्ड टाइप करायचा त्रास वाचतो म्हणून बरेच जण याकडे वळतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की सर्व्हरवरच्या प्रत्येक खात्यात कोणाकोणाला वाट आहे ते त्या खात्याच्या एका फाइलीत ओळीने लिहिलेलं दिसतं. ज्याची वाट बंद करायची त्याची ओळ खोडायची. बाकीच्यांना काही कळवावं लागत नाही.

किल्ली काम कशी करते

जोडीत दोन फाइली असतात. पब्लिक की म्हणजे कुलूप समजा आणि प्रायव्हेट की म्हणजे त्याची किल्ली. कुलूप हव्या तितक्या दारांना लावा, कोणालाही दाखवा, त्यावरून किल्ली घडवता येत नाही. प्रायव्हेट की मात्र ज्या कॉम्प्युटरवर तयार झाली तिथून हलवायची नाही. मेलने नाही, पेनड्राइव्हने नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं एक लक्षात ठेवा.

लॉगिन करताना तुमचा कॉम्प्युटर त्या एका जोडणीपुरत्या माहितीवर प्रायव्हेट कीने डिजिटल सही करतो, आणि सर्व्हर ती सही आपल्याकडच्या पब्लिक कीने ताडून बघतो. सही त्या जोडणीशी बांधलेली असते, म्हणून कोणी ती मधेच टिपून ठेवली तरी पुढच्या वेळी चालत नाही. प्रायव्हेट की स्वतः कुठेच जात नाही. पासवर्डचं तसं नसतं. तो एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात का होईना, दर वेळी पलीकडच्या सर्व्हरच्या हातात पडतो. पलीकडे तोतया सर्व्हर बसला असेल तर पासवर्ड त्याच्या हातात.

एसएसएचचा जन्मच पासवर्डच्या चोरीतून झाला. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड कोणीतरी टिपत असल्याचं उघड झालं, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली. आज तुमच्या-माझ्या सर्व्हरवर बहुधा असतं ते ओपनएसएसएच, जे ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पातल्या मंडळींनी १९९९ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढलं.

कमांड कशा वाचायच्या

फोनवर एकमेकांना सांगतो तशाच कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय. कीबोर्डवर अक्षरं आणि आकडे इंग्रजी टाइप करायचे. अक्षरं सगळी लहान, मोठं अक्षर जिथे लागतं तिथे तसं सांगितलंय. डॅश, टिल्डा, स्लॅश, अंडरस्कोर, अ‍ॅट ही चिन्हं दिसतात तशीच. नवी कमांड आली की तिची अक्षरं फोडून देतो.

उदाहरणासाठी सर्व्हरचा पत्ता २०३.०.११३.१० धरू. हा पत्ता लिखाणातल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्यांपैकी आहे, त्यामुळे तो कोणाचा खराखुरा सर्व्हर नाही. सर्व्हरवरच्या खात्याचं नाव विणकर, म्हणजे व्ही-आय-एन-के-ए-आर. तुमच्याकडे अजून सगळेच रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्यातून शिरत असतील तर आधी प्रत्येकासाठी वेगळं खातं काढा आणि ज्यांना गरज आहे त्यांना सुडोचा (एस-यू-डी-ओ, स्वतःच्या खात्यातून रूटची कामं करायची कमांड) अधिकार द्या. रूटवर सगळ्यांनी काम केलं की कोणी काय केलं याचा पत्ताच लागत नाही.

जोडी तयार करणं

हे काम स्वतःच्या लॅपटॉपवर करायचं, सर्व्हरवर नाही. मॅक आणि लिनक्सवर टर्मिनल उघडा. विंडोज १० किंवा ११ असेल तर पॉवरशेल उघडा. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ओपनएसएसएचचा क्लायंट, म्हणजे लॅपटॉपकडून सर्व्हरला जोडणारा प्रोग्राम, येतो. कमांड सापडत नाही असं म्हणालंच तर सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन ओपनएसएसएच क्लायंट चालू करा. पुटी हा एसएसएचचा दुसरा प्रोग्राम वापरायची सवय असलेल्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की पुटीची किल्ली वेगळ्या स्वरूपात साठते आणि इथल्या पायऱ्या तिला जशाच्या तशा लागू होत नाहीत. नवीन शिकणाऱ्याने पुटीच्या वाटेला न जाता विंडोजचाच क्लायंट वापरावा, असं माझं मत आहे.

आता ही कमांड:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -सी "पुतण्या-लॅपटॉप"

अक्षरं: एस-एस-एच, डॅश, के-ई-वाय-जी-ई-एन. पुढे डॅश आणि लहान टी. मग ई-डी आणि त्याला चिकटून २५५१९. अवतरणाआधीच्या डॅशपुढचा सी मोठा. अवतरणातला मजकूर ही नुसती ओळखीची खूण आहे, पण ती आळस न करता लिहा. कोणाची किल्ली आणि कोणत्या यंत्रावरची, दोन्ही त्यात यायला हवं. वर्षभराने सर्व्हरवर ओळी बघायला बसाल तेव्हा ही खूणच सांगेल की कोणती ओळ कोणाची.

ईडी२५५१९ हा किल्लीचा प्रकार. ओपनएसएसएचमध्ये तो २०१४ च्या ६.५ आवृत्तीपासून आहे आणि २०२३ च्या ९.५ पासून काहीच न सांगता तोच निवडला जातो. एखादं जुनं यंत्र तो ओळखत नसेल तर आरएसए ४०९६ बिटांची घ्या. डीएसए प्रकार कुठल्या जुन्या व्हिडिओत सांगितला असेल तर तो व्हिडिओ बंद करा, ओपनएसएसएचने २०२५ च्या १०.० आवृत्तीत डीएसए पूर्ण काढून टाकला.

कमांड दिली की पहिला प्रश्न येतो, फाइल कुठे ठेवू. एंटर मारा. त्यानंतर लगेच ओव्हरराइट करू का असं विचारलं तर थांबा आणि एन द्या. त्या नावाची किल्ली आधीच आहे असा त्याचा अर्थ. होय म्हणालात तर जुनी किल्ली पुसली जाते आणि ती जिथे जिथे चालत होती तिथली वाट बंद होते. जुनी वापरात असेल तर तीच पुढे वापरा.

दुसरा प्रश्न पासफ्रेजचा, म्हणजे किल्लीच्या फाइलीला लावायच्या पासवर्डचा. इथे बहुतेक जण दोनदा एंटर मारून पुढे जातात. तसं करू नका. पासफ्रेज नसेल तर प्रायव्हेट कीची फाइल हाताला लागलेला कोणीही सरळ सर्व्हरमध्ये शिरू शकतो. पासफ्रेज असेल तर ती फाइल एन्क्रिप्ट होऊन डिस्कवर बसते. सोलापूर-पुणे गाडीत लॅपटॉपची बॅग गेली तर तुम्हाला सर्व्हरवरची ओळ खोडायला वेळ मिळतो, तो या पासफ्रेजमुळे. चार-पाच असंबद्ध शब्द घ्या. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले तरी छान चालतं. गावाचं नाव, ग्रामदैवताचं नाव किंवा कारखान्याचं नाव आणि पुढे १२३ हे मात्र नको, ओळखीतला माणूस पहिल्यांदा तेच मारून बघतो. टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असं समजून घाबरू नका, ते तसंच असतं.

पासफ्रेज विसरली तर ती परत मिळवायचा मार्ग नाही, नवी जोडी करावी लागते. बदलायची असेल तर एसएसएच-कीजेन -पी अशी कमांड आहे, पी लहान. पासफ्रेज बदलल्याने पब्लिक की बदलत नाही, त्यामुळे सर्व्हरवर काही करावं लागत नाही.

एकाच नावाच्या दोन फाइली

आता तुमच्या होम फोल्डरमध्ये .एसएसएच नावाचा फोल्डर आहे, सुरुवातीला टिंब असलेला. त्यात आयडी_ईडी२५५१९ ही प्रायव्हेट की, आणि त्याच नावापुढे .पब लागलेली पब्लिक की. पब्लिक की नोटपॅडमध्ये उघडलीत तर एकच ओळ दिसते: आधी प्रकाराचं नाव, मग अडुसष्ट अक्षरांची एक सलग लड, शेवटी तुम्ही दिलेली खूण. प्रायव्हेट कीची सुरुवात पाच डॅश आणि बिगिन या शब्दाने होते आणि तिच्या पहिल्या ओळीतच प्रायव्हेट की असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं.

घोटाळा होतो तो विंडोजवर. तिथे फाइलीच्या नावाचं शेपूट लपवलेलं असतं. ऑफिसबरोबर पब्लिशर बसवलेलं असेल तर .पब फाइल म्हणजे पब्लिशरचा कागद असं विंडोज समजतं. दोन्ही फाइलींचं नाव सारखंच दिसतं आणि फोनवर हा संवाद ठरलेला असतो:

"काका, एकाच नावाच्या दोन फाइली दिसतायत ना? त्यातली पब्लिशर लिहिलेली पाठवा."

"अरे, ती उघडतच नाही, एरर येतंय. म्हणून दुसरी पाठवली बघ ग्रुपवर."

अशा वेळी ग्रुपवरचा मेसेज डिलीट करून भागत नाही. ती जोडी बाद समजायची, नवी तयार करायची आणि जुनी पब्लिक की कुठे चढवली असेल तर तिथून काढायची. हे टाळायचं असेल तर फाइल पाठवण्याऐवजी मजकूर दाखवायची कमांड सांगा. पॉवरशेलमध्ये:

टाइप ~\.एसएसएच\आयडी_ईडी२५५१९.पब

टाइप म्हणजे टी-वाय-पी-ई. मॅक-लिनक्सवर त्याऐवजी कॅट, सी-ए-टी, आणि उलट्या स्लॅशच्या जागी सुलटे. जी ओळ येईल ती कॉपी करून पाठवायची. ही ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर गेली तरी बिघडत नाही.

पब्लिक की सर्व्हरवर चढवणं

मॅक आणि लिनक्सवर हे एका कमांडचं काम:

एसएसएच-कॉपी-आयडी विणकर@२०३.०.११३.१०

सी-ओ-पी-वाय आणि आय-डी, मधे डॅश. पासवर्ड एकदा विचारेल, पुढचं सगळं स्वतः करेल. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ही कमांड नाही. गिट हे कोड सांभाळायचं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर त्याच्याबरोबर येणाऱ्या गिट बॅशमध्ये मिळते. नसेल तर हाताने करू, ते एकदा हाताने केलेलं बरंही असतं, आत काय चाललंय ते कळतं.

आधी पासवर्डने शिरा: एसएसएच विणकर@२०३.०.११३.१०. पहिल्यांदाच जोडत असाल तर सर्व्हरची ओळख पटवता येत नाही असा मजकूर आणि एसएचए२५६ ने सुरू होणारा ठसा दिसेल. सगळे इथे डोळे झाकून येस लिहितात. तसं करण्याआधी सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून कन्सोल, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारा सर्व्हरचा पडदा, उघडा आणि तिथे ही कमांड द्या:

एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

तिथला ठसा आणि तुमच्या पडद्यावरचा ठसा अक्षर न अक्षर जुळला तर येस पूर्ण लिहून एंटर मारा. एकदा खात्री केलीत की तो ठसा तुमच्या लॅपटॉपवर नोन_होस्ट्स या फाइलीत नोंदला जातो आणि परत विचारणा होत नाही. पुढे कधी सर्व्हरची ओळख बदलली आहे असा मोठ्या अक्षरांतला इशारा आला, तर सर्व्हर कोणी नव्याने बसवला का ते आधी विचारा. बसवला असेल तर एसएसएच-कीजेन -आर आणि पुढे पत्ता, यातला आर मोठा, या कमांडने जुनी नोंद काढा. बसवला नसेल तर पुढे जाऊ नका.

आत शिरल्यावर (नॅनो, एन-ए-एन-ओ, हा फाइलीत लिहायचा साधा प्रोग्राम):

एमकेडीआयआर -पी ~/.एसएसएच
नॅनो ~/.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज

ऑथराइज्डचं स्पेलिंग झेड घालून. आपल्याला शाळेत शिकवलेलं एस असलेलं स्पेलिंग लिहिलंत तर फाइल तयार होईल, एरर येणार नाही, फक्त सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. पब्लिक कीची ओळ चिकटवा. ती एकाच ओळीत राहिली पाहिजे. मेलमधून किंवा चॅटमधून कॉपी करताना मधे ओळ तुटली तर ती किल्ली चालत नाही. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. दुसऱ्याची किल्ली घालायची असेल तर ती त्याच्या खात्यातल्या याच फाइलीत, नव्या ओळीवर.

परवानग्या

सगळं बरोबर करूनही पासवर्ड विचारत राहतो, अशी तक्रार आली की मी आधी इथे बघतो. ऑथराइज्ड_कीज फाइलीत किंवा तिच्या वरच्या फोल्डरांत दुसऱ्या कोणाला लिहिता येत असेल तर तो आपली किल्ली तिथे गुपचूप घालू शकेल. म्हणून परवानग्या सैल दिसल्या की सर्व्हर त्या फाइलीवर विश्वासच ठेवत नाही. तसं तो तुम्हाला सांगत नाही, मुकाट्याने पासवर्डकडे वळतो. या तीन ओळी द्या:

सीएचमॉड ७०० ~/.एसएसएच
सीएचमॉड ६०० ~/.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज
सीएचमॉड जीओ-डब्ल्यू ~

अक्षरं सी-एच-एम-ओ-डी. तिसऱ्या ओळीत जी-ओ, वजा, डब्ल्यू हे सलग. आकड्यांचा हिशेब सोपा आहे: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा किंवा फोल्डरमध्ये शिरण्याचा १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी जगाचा. ७०० म्हणजे मालकाला सगळं, इतरांना शून्य. ६०० म्हणजे मालकाला वाचणं-लिहिणं आणि इतरांना शून्य. तिसरी ओळ होम फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी गट आणि इतरांकडून काढून घेते. हीच लोक विसरतात.

मालकीही बघा. सुडो लावून फाइल तयार केली असेल तर ती रूटच्या नावावर राहते, आणि ६०० परवानगी असताना विणकर खात्याला ती वाचताच येत नाही. उपाय:

सुडो सीएचओन -आर विणकर:विणकर ~विणकर/.एसएसएच

सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, आर मोठा.

तुमच्या लॅपटॉपवरही हाच न्याय लागू. प्रायव्हेट की इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायचं नाकारतो. ती सगळ्यांच्या शेअर फोल्डरात किंवा डी ड्राइव्हवर ठेवू नका, स्वतःच्या .एसएसएच फोल्डरातच राहू द्या.

आता नव्या खिडकीतून लॉगिन करून बघा. पासफ्रेज विचारली तर काम झालं, कारण पासफ्रेज तुमचा लॅपटॉप विचारतोय, सर्व्हर नाही. खात्याचा पासवर्डच विचारला तर एसएसएच -व्ही विणकर@२०३.०.११३.१० असं करून बघा. व्ही लहान. कोणती किल्ली पुढे केली आणि सर्व्हरने ती घेतली की नाही, हे त्यात ओळीने येतं. सर्व्हरच्या बाजूचं कारण उबंटू-डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर सहसा /व्हार/लॉग/ऑथ.लॉग मध्ये सापडतं. परवानग्यांचा घोळ असेल तर तिथे मालकी किंवा मोड वाईट आहेत असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

पासवर्डचं दार बंद करणं

इथे थांबलात तर अर्धंच काम झालं. किल्ली चालते, पण पासवर्डने शिरायची वाटही तशीच उघडी आहे. २२ नंबरचं पोर्ट, म्हणजे एसएसएचचं ठरलेलं दार, इंटरनेटला उघडं असलं की जगभरातून यंत्रं पासवर्ड मारून बघत असतात. तुमच्याच ऑथ.लॉगमध्ये फेल्ड पासवर्ड असं शोधून बघा, कुठले कुठले पत्ते दिसतात. पोर्टचा नंबर बदलल्याने ही गर्दी कमी होते, पण सुरक्षा म्हणून त्यावर विसंबू नका.

ही पायरी घाईत करायची नाही. ज्या खिडकीतून आत आहात ती शेवटपर्यंत उघडी ठेवा. चालू असलेली जोडणी सेटिंग बदलल्याने तुटत नाही, आणि काही बिघडलं तर तीच तुमची परतीची वाट. उन्हाळ्यात दुपारी वीज जाण्याचा भरवसा नसतो. वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की ती खिडकीही जाते. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून फोनच्या हॉटस्पॉटवर हे काम केलेलं उत्तम. सर्व्हर कंपनीच्या वेबसाइटवरचं कन्सोल उघडतं ना, तेही आधी बघून ठेवा. त्यासाठी सर्व्हरवरच्या खात्याचा पासवर्ड लागतो, तो जपून ठेवा. दूरवरून पासवर्डने लॉगिन बंद केलं म्हणून खात्याचा पासवर्ड मिटत नाही, सुडोलाही तोच लागतो.

सेटिंगची मुख्य फाइल /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग. तीत पासवर्डऑथेंटिकेशन नो लिहा, असं सगळे सांगतात, आणि उबंटूवर लोक तेवढं करून निर्धास्त होतात. पण एकच सेटिंग दोनदा आलं तर ओपनएसएसएच पहिल्यांदा आलेलं धरतो. उबंटूच्या मुख्य फाइलीत वरतीच एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरातल्या फाइली ओढून घेतलेल्या असतात, आणि भाड्याच्या सर्व्हरवर तिथे ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ नावाच्या फाइलीत बऱ्याचदा पासवर्डऑथेंटिकेशन येस लिहिलेलं असतं. ते आधी वाचलं जातं, तुमचं नो मागे राहतं. म्हणून त्याच फोल्डरात नावाने आधी लागेल अशी नवी फाइल करा, उदाहरणार्थ ००-किल्ली.कॉन्फ, आणि तीत या ओळी:

पासवर्डऑथेंटिकेशन नो
केबीडीइंटरअ‍ॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो
परमिटरूटलॉगिन नो

दुसऱ्या ओळीची सुरुवात के-बी-डी अशी आहे. ती विसरलात तर काही सर्व्हरवर पासवर्ड वेगळ्या मार्गाने विचारला जातोच. तिसरी ओळ स्वतःच्या खात्यातून सुडो चालतंय हे बघितल्यावरच लिहा.

मग आधी तपासणी: सुडो एसएसएचडी -टी, टी लहान. काहीच छापलं नाही तर लिखाण बिनचूक आहे. नंतर सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच, त्यात एस-वाय-एस-टी-ई-एम-सी-टी-एल सलग. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर शेवटचं नाव एसएसएचडी. आता सर्व्हर खरोखर काय मानतोय ते त्यालाच विचारा:

सुडो एसएसएचडी -टी | ग्रेप -आय पासवर्डऑथेंटिकेशन

या वेळी टी मोठा. ग्रेप म्हणजे जी-आर-ई-पी. उत्तरात नो दिसलं पाहिजे. शेवटची परीक्षा नव्या खिडकीतून, किल्ली मुद्दाम बाजूला ठेवून:

एसएसएच -ओ पबकीऑथेंटिकेशन=नो विणकर@२०३.०.११३.१०

परमिशन डिनाइड आलं पाहिजे. पासवर्ड विचारला तर दार अजून उघडं आहे. हे झालं, आणि किल्लीने दुसऱ्या खिडकीतून शिरता येतंय हे बघितलं, की मगच पहिली खिडकी बंद करा.

रोजची सोय

दर वेळी पासफ्रेज टाइप करायची नसेल तर एजंट, म्हणजे उघडलेली किल्ली लक्षात ठेवणारा प्रोग्राम, वापरा. मॅकवर आणि बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवर तो चालूच असतो, एसएसएच-अ‍ॅड दिलं की पासफ्रेज एकदाच विचारतो. विंडोजवर सर्व्हिसेसमध्ये ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट बंद असतो, तो ऑटोमॅटिक करून सुरू करावा लागतो.

पत्ता पाठ करायची गरज नाही. लॅपटॉपवरच्या .एसएसएच फोल्डरात कॉन्फिग नावाची फाइल करा, शेपटाशिवाय:

होस्ट टॉवेल
होस्टनेम २०३.०.११३.१०
यूजर विणकर
आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९
सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०

मग नुसतं एसएसएच टॉवेल. शेवटच्या ओळीमुळे गप्प बसलेली जोडणी मधेच मरत नाही. वीज जाऊन खिडकी गोठलीच तर एंटर, टिल्डा, टिंब अशी तीन बटणं एकामागून एक दाबा, ती सुटते.

माणूस गेला, लॅपटॉप गेला

प्रत्येक माणसाची प्रत्येक यंत्रावर वेगळी किल्ली, हा नियम कडक पाळा. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पुतण्या बाहेर असताना फोनवरून सर्व्हर बघणार असेल, तर फोनमधल्या टर्मक्स या टर्मिनलच्या अॅपमध्ये त्याने वेगळी जोडी करावी, लॅपटॉपची उचलून आणू नये. रात्रीच्या बॅकअपसाठी स्क्रिप्टला बिनपासफ्रेजची किल्ली द्यावीच लागते. तिच्या ओळीच्या सुरुवातीला रिस्ट्रिक्ट आणि कमांड= हे पर्याय लावून ती त्या एका कामापुरती बांधून टाका.

कोणी काम सोडलं की त्याच दिवशी त्याची ओळ खोडा. पण ओळ खोडल्याने आत्ता आत असलेला माणूस बाहेर पडत नाही, म्हणून हू, डब्ल्यू-एच-ओ, या कमांडने कोण आत आहे ते बघा आणि त्याची जोडणी बंद करा. त्याच्याकडे सुडो असेल तर त्याने दुसऱ्या खात्यात किंवा रूटच्या .एसएसएच फोल्डरात किल्ली ठेवली असू शकते. तेव्हा सगळ्याच खात्यांच्या ऑथराइज्ड_कीज उघडून एकेक ओळीची खूण वाचा. जिचा मालक कोणालाच सांगता येत नाही ती ओळ काढून टाका, मालक असेल तर तो दुसऱ्या दिवशी फोन करेलच.

लॅपटॉप चोरीला गेला तरी हेच, फक्त दुसऱ्या यंत्रावरून. म्हणून मालकांच्या खात्यात कमीत कमी दोन यंत्रांच्या किल्ल्या आजच घालून ठेवा, आणि दुसऱ्या यंत्रावरून एकदा लॉगिन करून बघा.